सत्तावीस इंचांचा मॉनिटर

प्रिय बारक्या,

तुझी यादी मिळाली. ही चौथी. आधीच्या तिन्ही मी ठेवल्या आहेत, पण ही त्यांच्याहून बारकाईने केलेली आहे हे माझ्यासारख्या अडाण्यालाही कळतं. प्रोसेसर आहे तोच ठेवायचा, रॅम दुप्पट करायची, ग्राफिक्स कार्ड नवं घ्यायचं पण वरच्या पायरीचं नाही, मधल्या. आणि पॉवर सप्लायमध्ये काटकसर करायची नाही, कारण स्वस्तातला डबा जळतो तो एकटा जळत नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांना घेऊन जळतो. प्रत्येक वस्तूपुढे तू कारण लिहिलंयस. नवं कार्ड माझ्या कॅबिनेटमध्ये बसेल की आडवं येईल याचंही मोजमाप केलंयस. ते कॅबिनेट तू सहा वर्षांपूर्वी एकदाच पाहिलं होतंस, आपण दोघांनी जमिनीवर सतरंजी टाकून तो कॉम्प्युटर जोडला तेव्हा. एक स्क्रू कमी पडला म्हणून तू तुझ्या चष्म्याच्या घरातला छोटा स्क्रू बसवला होतास. तो अजून तिथेच आहे.

या यादीतलं मी काहीही घेणार नाही. कार्ड दुकानात आलेलं नाही असं मी तुला तीनदा सांगितलं, ते खोटं होतं. कार्ड पहिल्या दिवसापासून काचेमागे ठेवलेलं आहे. मी त्या दुकानावरून रोज जातो. तू मात्र ऑफिसची कामं उरकून, दुसऱ्या दुकानांत चौकशा करून, मला पर्याय सुचवत राहिलास, आणि मी प्रत्येक पर्यायात काहीतरी खोट काढत राहिलो. एकदा पंख्याचा आवाज फार येतो म्हणालो, एकदा वॉरंटी कमी म्हणालो. परवा तर रंगच आवडला नाही म्हणालो. तू हसलास आणि म्हणालास, दादा, ते डब्याच्या आत राहणार आहे, तुला नवरी बघायची नाहीये.

हे फोनवर सांगायला हवं होतं. पण फोनवर तू मध्येच काहीतरी थट्टा करणार, मी हसणार आणि विषय पुढच्या रविवारवर ढकलणार, हे मला ठाऊक आहे. अकरा आठवडे तेच झालंय. म्हणून लिहितोय. ठळक पेन घेतलंय आणि ओळी लांब लांब टाकल्या आहेत, अक्षर वेडंवाकडं वाटलं तर समजून घे.

आपण दोघं बोलणारे भाऊ नव्हेत. आई गेल्यावर घर आवरायला आलास तेव्हा चार दिवस आपण एका खोलीत होतो आणि चार दिवसांत 'हे ठेवायचं की टाकायचं' यापलीकडे काही बोललो नाही. पण कानाला हेडफोन लागला, समोर खेळातलं ते पडकं शहर उघडलं, की आपली तोंडं सुटतात. रविवारी दुपारी दोन ते चार. मी पुढे, तू माझ्या पाठीशी. गोळ्या चुकवता चुकवता तू मला नोकरीतली भांडणं सांगितलीस, लग्न मोडल्याचं सांगितलंस, आईची आठवण येते हेसुद्धा एका भिंतीआड लपून बसलेले असतानाच सांगितलंस. मी म्हणालो होतो, मलाही येते, उजवीकडे बघ. तुझी वहिनी म्हणते, तुम्ही दोघं भूतं मारता मारता जेवढं बोलता तेवढं माणसांत बसून बोललात तर काय बिघडेल. ती भूतं नसतात हे तिला सांगून मी थकलो.

तर गेल्या वर्षीच्या शेवटी मी मरायला लागलो. खेळात. तसे आपण दोघंही मरायचोच, पण मी आता भलत्याच मूर्खपणाने मरत होतो. बाजूच्या गल्लीतून माणूस सरळ चालत यायचा, लपतछपतही नाही, आणि मला गोळी लागल्यावर कळायचं. तू ओरडायचास, दादा, तुझ्या बाजूलाच होता, आंधळा झालास का. मी म्हणायचो, चित्र अंधारं दिसतंय रे, हा मॉनिटर म्हातारा झालाय. ते मला मनापासून पटलं होतं. मी उजेड वाढवला, शेवटच्या काट्यापर्यंत वाढवला. वहिनी म्हणाली, खोलीत दिवा लावायची गरजच उरली नाही. तरी मला चित्र धुरकटच दिसायचं. मग तुझ्याकडे अपग्रेडचा विषय काढला. तू म्हणालास, आधी कार्ड, मग मॉनिटर. जुन्या कार्डावर मोठा पडदा लावलास तर आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार. तू बरोबर होतास, पण मला धीर नव्हता. मी तुला न विचारता सत्तावीस इंची मॉनिटर घरी आणला.

त्या मॉनिटरवर मला जुन्याहून कमी दिसायला लागलं. हे तुला सांगायची लाज वाटली, म्हणून झकास आहे म्हणालो. प्रत्यक्षात पडदा जेवढा मोठा तेवढा त्याचा माझ्याकडून सुटणारा भाग मोठा होता. मी खुर्ची मागे सरकवली. थोडं बरं वाटलं. आणखी सरकवली. महिन्याभरात माझी पाठ कपाटाला लागली आणि माऊसची वायर पुरेना. वहिनी कपाटातले कपडे घ्यायला यायची तर मला उठावं लागायचं. शेवटी मी तो मॉनिटर उचलला आणि माल खराब दिलात म्हणून भांडायला दुकानात गेलो.

दुरुस्तीच्या टेबलावर एक मुलगी बसते, पंचविशीतली, कमी बोलणारी. तिने मॉनिटर जोडला. पडद्यावरचे मेलेले, म्हणजे न उजळणारे ठिपके तपासायची एक पद्धत असते, सगळा पडदा लाल करतात, मग हिरवा, मग पांढरा. ती म्हणाली, काका, मी पांढऱ्यावर काळे ठिपके टाकते, मध्ये बघून किती दिसतात सांगा, म्हणजे पडदा कुठे मंद आहे ते कळेल. मी मध्ये बघून मोजले. चार, मी म्हणालो. तिने पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. पुन्हा मोजायला सांगितलं. मी पुन्हा चारच सांगितले. मग तिने शेजारी दुसरा, कोरा करकरीत मॉनिटर लावला आणि तिसऱ्यांदा विचारलं. मी चिडून म्हणालो, चारच आहेत, हाही खराब आहे. ती उठून माझ्या बाजूला आली आणि हळू आवाजात म्हणाली, काका, मी दोन्हीवर नऊ टाकलेत. मॉनिटर परत न्या घरी. डोळे दाखवून घ्या. मी तिला काय म्हणालो असेन. म्हणालो, तू तुझं काम कर. पुढे गिऱ्हाइकं उभी होती, त्यांच्या देखत म्हणालो. परतताना पायरीवरून पाय चुकला आणि मॉनिटर छातीशी धरून मी गुडघ्यावर बसलो. तो शाबूत राहिला. त्या क्षणीही मला हायसं वाटलं ते त्याच्यासाठी.

डोळ्यांच्या दवाखान्यात एक यंत्र असतं, पांढऱ्या वाडग्यासारखं. त्यात हनुवटी टेकवून मधल्या ठिपक्याकडे बघायचं, आणि कुठेही बारीक दिवा चमकला की हातातलं बटण दाबायचं. तुला सांगतो, मला आत जाताना जवळजवळ मजा वाटत होती. बटण दाबण्यात आपला हात कोण धरणार, एवढ्या वर्षांची तालीम आहे. मी बसलो, बटण हातात घेतलं आणि वाट बघू लागलो. सुरुवातीला दोनचार दिवे दिसले, मी टकाटक दाबले. मग काही नाही. मी बटणावर अंगठा ठेवून बसलो. वाटलं, यंत्र चालवणाऱ्या बाई कुणाशी बोलायला गेल्या असतील. बराच वेळ झाल्यावर मी म्हणालो, ताई, यंत्र थांबलंय वाटतं, सुरू झालं की सांगा. पाठीमागून त्या म्हणाल्या, काका, सुरूच आहे, आता संपत आलं. 

बारक्या, त्या वाडग्यात मी किती वेळ बसलो होतो मला माहीत नाही. दिवे लागत होते, विझत होते, आणि मी शहाण्यासारखा त्यांची वाट बघत होतो.

काचबिंदू. मोतीबिंदू नव्हे, तो काढता येतो. डॉक्टरीणबाईंनी दोन कागद पुढे ठेवले, एकेका डोळ्याचा एकेक. डाव्या डोळ्याच्या कागदावर मध्ये नाण्याएवढी पांढरी जागा आणि भोवती सगळं काळं. उजवा थोडा बरा, पण अर्ध्याला आलेला. मी म्हणालो, पण मला काळं कुठे दिसतंय, मला तर सगळं दिसतं. त्या म्हणाल्या, तीच तर यातली गोम आहे. काळं दिसत नाही. तिथे काही आहे हेच कळत नाही, आणि मेंदू ती जागा आपल्या मनाने भरून टाकतो. दुखत नाही, खुपत नाही, माणूस वर्षानुवर्षं धडपडतो आणि म्हणतो, माझं लक्ष नव्हतं. मी विचारलं, चष्म्याने किती सुधारेल. त्या म्हणाल्या, गेलेलं परत येत नाही. औषधाने उरलेलं टिकवायचा प्रयत्न करायचा. किती टिकेल, मी विचारलं. त्यावर त्या थेंबांची बाटली कशी धरायची ते दाखवू लागल्या.

मी वहिनीलाही सांगितलेली नाही अशी एक गोष्ट तुला सांगतो. हे कळल्यावरही मी नऊ दिवस ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत बसत होतो. शिकाऊ माणसाच्या शेजारी, पायाशी माझा ब्रेक, आणि डोक्यात हा कागद. मनाला सांगत होतो, मान वळवून बघितलं तर दिसतं की. नवव्या दिवशी एक नर्सबाई शिकायला होत्या, चाळिशीच्या, भित्र्या, ताशी वीसच्या वर जात नसत म्हणून मी त्यांना रोज टोचायचो. चौकात माझ्या बाजूने सायकल आली. सायकलवर एक बाई, मागे बांधलेली भाजीची पिशवी. गाडी थांबली तेव्हा ती पिशवी माझ्या खिडकीपासून हातभर अंतरावर होती. ब्रेक नर्सबाईंनी मारला होता. माझा पाय जमिनीवर होता. त्यांनी माझ्या पायाकडे बघितलं आणि म्हणाल्या, सर, तुम्हाला दिसली नाही का. मी म्हणालो, तुमची परीक्षा बघत होतो. त्या एवढ्या खूश झाल्या की परत येईपर्यंत तेच बोलत होत्या. त्याच दुपारी मी मालकांना सांगितलं, उद्यापासून मी गाडीत बसणार नाही. आता टेबलावर बसून अर्ज भरतो आणि नव्या लोकांना फळ्यावर रस्त्याच्या खुणा शिकवतो. एकवीस वर्षं लोकांना सांगत आलो, आरशात बघा, बाजूला बघा, मग वळा.

वहिनी रडली नाही. दुसऱ्या दिवशी घरी आलो तर हॉलमधला टीपॉय नाहीसा झाला होता. कुणाला दिला विचारलं तर म्हणाली, उगाच जागा अडवत होता. त्यानंतर दाराजवळच्या कुंड्या गेल्या, मग पायपुसणं. ती घरातून वस्तू कमी करत चालली आहे आणि मी तिला विचारत नाही. मुलीचे डोळे तपासले, आत्ता तरी चांगले आहेत, दर वर्षी दाखवायला सांगितलंय. ती तपासणीच्या दिवशी माझा हात धरून रस्ता ओलांडत होती. मला कळेना, मी तिला नेतोय की ती मला.

आणि बाबा. गेले अकरा आठवडे मी बाबांचाच विचार करतोय. रंगारी माणूस, ज्यांच्या हाताखाली तिघं शिकून मोठे झाले, त्यांच्या भिंतींच्या कडा सुटायला लागल्या. कोपऱ्यात, छताशी, दाराच्या चौकटीला लागून वीतभर जुना रंग तसाच. ठेकेदार म्हणायचा, म्हातारा कामचुकार झालाय. बाबा म्हणायचे, मी तर सगळं मारलं होतं. आठवतं, ते पाण्याचे पेले पाडायचे, दाराला खांदा आपटायचे, आणि आई म्हणायची, जरा लक्ष ठेवा की. तू आणि मी जेवताना पैज लावायचो, आज पेला पडणार की वाटी. ते हसायचे आपल्याबरोबर. शिडीवरून पडल्यावर त्यांनी ब्रश धुऊन वर ठेवले तेव्हा छप्पन्न वर्षांचे होते. नंतरची सात वर्षं गॅलरीतल्या खुर्चीत बसून काढली. आपण म्हणायचो, बाबा विरक्त झाले. जाईपर्यंत त्या माणसाला वाटत होतं की आपणच धांदरट आहोत. त्यांना कुणी वाडग्यासमोर बसवलं नाही. मी मोठा मुलगा होतो, नोकरीला लागलेला होतो, मी नेऊ शकलो असतो. मी त्यांना म्हणालो होतो, बाबा, आता वय झालं तुमचं.

लोक म्हणतात, माणूस सवय करून घेतो. मी अजून तरी करून घेतलेली नाही. सकाळी उठलो की आधी एक डोळा झाकतो, मग दुसरा, आणि भिंतीवरचं कॅलेंडर किती दिसतं ते बघतो. वाचलेल्या तारखा रोज कमी झाल्यासारख्या वाटतात. वहिनी म्हणते, हे मनाचे खेळ आहेत. असतीलही. डॉक्टर धीर देत नाहीत आणि खोटं बोलत नाहीत, एवढंच त्यांचं चांगलं आहे. मला रागही धड येत नाही. कुणावर यावा. कधी कधी भर दुपारी नुसता पलंगावर पडून राहतो, डोळे मिटून, आणि मग दचकून उघडतो की उगाच वेळ फुकट घालवतोय, उघडे ठेवायला हवेत.

आता हे आजच का लिहितोय ते. ज्या दिवशी ते दोन कागद पुढे आले, त्याच दिवशी डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, सख्खी भावंडं किती. मी म्हणालो, एक भाऊ, सहा वर्षांनी लहान. त्या म्हणाल्या, त्यांना आजच फोन करा, हे रक्तात चालतं, वेळेवर कळलं तर थेंबांवर आयुष्य काढता येतं, उशीर झाला तर तुमच्यासारखं होतं. मी हो म्हणालो आणि तुला फोन केला नाही. आधी वाटलं, पुढच्या रविवारी सांगू. मग वाटलं, हे सांगितलं की रविवार संपले; तू मला सांभाळून घ्यायला लागशील, माझ्यासाठी मुद्दाम हरशील, आणि मग तेही बंद होईल. म्हणून मी तुला कार्डांच्या आणि पंख्यांच्या मागे धावायला लावलं, म्हणजे बोलायला विषय राहील. आणखी एक आहे, तेही लिहितो, नाहीतर हे पत्र अर्धवट राहील. कधी कधी तुझा नेम अचूक लागायचा तेव्हा माझ्या मनात यायचं, मलाच का. गेल्या रविवारी खेळ संपल्यावर तू सहज म्हणालास की तुझ्याही अपग्रेडचं बघायला हवं, तुझं चित्र हल्ली धुरकट दिसतं, आणि बाजूने येणारे तुला दिसतच नाहीत. मी म्हणालो, हो, मॉनिटर जुना झाला असेल. मी हे म्हणालो, बारक्या. माझ्या तोंडून निघालं. तुझ्या गावातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात मी आज फोन केला. गुरुवारी सकाळी सव्वादहा, तुझ्या नावावर वेळ घेतली आहे, चिठ्ठी सोबत जोडली आहे. पत्र कुरिअरने पाठवतोय, उद्या दुपारी तुला मिळेल. मी गप्प बसलो त्या अकरा आठवड्यांत तुझं किती गेलं असेल हे कुणीच सांगू शकणार नाही, आणि त्याबद्दल मला कधी माफ करू नकोस, चालेल. शिव्या द्यायला फोन कर किंवा करू नकोस. पण गुरुवारी जा. आणि जाताना गाडी तू चालवू नकोस, ऑफिसातल्या कुणाला तरी घेऊन जा.

तुझाच,
दादा